दुसरा हात

दुर्गाघाट, वाराणसी
१४ एप्रिल २०२५

मुकुल,

चिरंजीव लिहावं तर तू आता स्वतःच एका प्रयोगशाळेचा कारभारी. डॉक्टर लिहावं तर तुझा पहिला फ्लास्क माझ्यासमोर फुटलेला. म्हणून नुसतं मुकुल. मेल तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, एवढ्या आशेवर हा कागद.

सरांच्या वरच्या खोलीत बसून लिहितेय. खिडकीतून नदी दिसते, पण या दिवसांत ती दिसते म्हणणंही धाडसाचंच. पाणी, पलीकडची वाळू आणि आकाश, सगळं एकाच फिक्या रंगाचं झालंय. मध्येच कुठे तरी एक नाव आहे, ती पाण्यावर आहे की हवेत, कळत नाही. सर तिच्याकडे बघत बसलेत. हल्ली ते बहुतेक वेळ झोपेच्या काठावर असतात. मधूनच जागे होतात आणि वर्गात असल्यासारखे बोलतात, "द्रावण थंड होऊ द्या. घाई नको." मग पुन्हा डोळे मिटतात. गीताकाकू म्हणतात, "यांना जाग काय अन् झोप काय, एकच झालंय बघ आता."

परवा अंतराला इथे आणलं होतं. अंतरा माझी नवी विद्यार्थिनी, वडील इथल्या बँकेत, पोरगी चुणचुणीत आणि जिभेला हाड नसलेली. तिनं विचारलं, "मॅम, आपल्या ग्रुपमध्ये ते ‘दुसरा हात’ काय असतं?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता मलाच ते स्वप्नात पाहिल्यासारखं वाटू लागलं. बिंदुमाधवजी, म्हणजे आपल्या सरांचे गुरू, घनपाठ्यांच्या घरातले. लहानपणी वेद घोकला, मोठेपणी रसायन. प्रयोगशाळा काढली तेव्हा पाठशाळेचाच नियम तिथे लावला. एकानं म्हटलेलं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पाठ झालं म्हणायचं नाही. एकाच्या हातून आलेला निकाल दुसऱ्यानं, पहिल्याशी अवाक्षर न बोलता, नुसती कृती वाचून पुन्हा आणायचा. आला तर तो सगळ्या घराण्याचा. नाही आला तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगायचं.

मग गुरुपौर्णिमेचं सांगितलं. काकूंचा शिरा, आणि शिऱ्याआधी सर आपल्या परंपरेची नावं म्हणतात ते, तेही घनपाठाच्या चालीवर, पुढे, मग उलटं, मग पुन्हा पुढे. अंतरा म्हणाली, "उलटं कशाला?" मला वाटलं होतं सर झोपलेत. डोळे न उघडता ते म्हणाले, "सरळ म्हणताना चूक लपते. उलटं म्हटलं की सापडते."

ती नावं म्हणताना नऊ वर्षं तुझं नाव गाळलं जातंय, मुकुल. सर सरांच्या जागी ठीक असतील, तू तुझ्या जागी. मला मात्र त्या जागी दर वर्षी ठेच लागते. दहा जुलैला गुरुपौर्णिमा आहे. ये. का बोलावतेय ते आल्यावर सांगेन.

मालविकाताई

२ मे

मुकुल,

उत्तर नाही. बरं. ब्रह्माघाटाचं पोर ब्रह्मपुत्रेकाठी जाऊन मौनी झालं, असं मी काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आत जाऊन कैऱ्यांचा मुरंबा हलवत बसल्या.

इथे लूचा गरम वारा सुरू झालाय. दुपारी गल्ल्या ओस पडतात, गाईसुद्धा दुकानांच्या फळ्यांखाली शिरतात. प्रयोगशाळेची जुनी तळमजल्याची खोली आम्ही दिवाळीत सोडली, हे तुला कुणी सांगितलं का? आता नवी इमारत, पांढऱ्या भिंती, नळ फिरवला की शुद्ध पाणी देणारं मशीन. सगळं चकचकीत, आणि माझं मन काही तिथे लागत नाही. काल दुपारी टेबलावरच डोळा लागला. स्वप्नात आपली जुनी खोली नदीच्या तळाशी होती. बाटल्या जागच्या जागी, बर्नरची निळी ज्योत पाण्यातही जळत होती, आणि सर बाकांमधून हिंडत होते. कुणीच भिजत नव्हतं. तू खिडकीजवळच्या बाकावर पाठमोरा उभा होतास, मी हाक मारली तर तोंडातून नुसते बुडबुडे निघाले.

जागी झाले तर अंतरा समोर, रडवेली. तिला मी दुसऱ्या हाताचं काम दिलंय, सरांच्या नावाची ती रेणूंची जोडणी. सगळ्या नव्या पोरांची सुरुवात त्यानंच होते, तुझीही झाली होती. तिच्या हाताला अजून वळण नाही, असं मी म्हटलं.

हे वरचं लिहून पत्र मिटवलं होतं. पुन्हा उघडतेय. खोटं लिहवत नाही रे.

अंतराच्या हाताला चांगलं वळण आहे. तिच्या हाताने ती जोडणी होत नाही. मग मी स्वतः केली. माझ्याही हाताने होत नाही. पंचवीस वर्षं डोळे झाकून केलेली गोष्ट! दोन रेणू, नुसतं गरम पाणी, कुठलाही धातू नाही आणि दोघांची गाठ. सगळ्या जगात सरांचं नाव झालं ते त्या ‘धातूशिवाय’ या एका शब्दावर. आणि आता फ्लास्कमध्ये सकाळी टाकलं तेच संध्याकाळी जसंच्या तसं.

त्या गुरुपौर्णिमेला तू गुवाहाटीहून आला होतास आणि उभा राहून म्हणालास, "सर, माझ्या हाताने होत नाही." नियम होता म्हणून म्हणालास. सर म्हणाले, "मग हात शुद्ध नसेल." तू ताट तसंच ठेवून जिना उतरलास. शिरा थंड झाला, तो कुणी खाल्ला नाही. ते सगळं मला आज वेगळंच दिसतंय.

सरांना अजून सांगितलेलं नाही. ताकद नाही माझ्यात.

मालविकाताई

२१ मे

मुकुल,

बस आधी. बसलास? सापडलं.

सांगण्याची वेळ मी निवडलीच नाही, अंतरानं निवडली. रविवारी आम्ही दोघी सरांकडे गेलो होतो. काकूंनी पन्हं दिलं. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय चाललंय?" आणि ही बया एका दमात म्हणाली, "सर, तुमची रिअ‍ॅक्शन बिलकुल होत नाहीये. मॅमनी पण करून बघितली."

मी पेला खाली ठेवला. सर डोळे मिटून होते. मग म्हणाले, "पाणी कुठलं घेतलंस?"

"मशीनचं, सर. एकदम प्युअर."

"हंड्यातलं घे."

"कुठला हंडा?" काकू म्हणाल्या. "तो तांब्याचा होय? तुमची लॅब खाली झाली तेव्हा कोपऱ्यात बेकार पडला होता. मी आणवून चिंचेनं घासून ठेवलाय. तुळशीला पाणी घालते त्यानं."

मी उठून मागच्या गच्चीवर गेले. हंडा उन्हात नुसता झळाळत होता. मी त्याच्यासमोर बसून राहिले आणि मला हसू यायला लागलं, मग रडू, मग दोन्ही.

तुला आठवतोय ना तो? ऊर्ध्वपातनाच्या नळीखाली कायमचा ठेवलेला. बिंदुमाधवजींच्या आईनं दिला होता. मुलगा काचेतलं, लोखंडातलं पाणी हाताळणार, त्यानं निदान शुद्ध पाणी तरी तांब्यात साठवावं, म्हणून. तेव्हापासून प्रयोगशाळेतलं सगळं पाणी त्या हंड्यात थेंबथेंब पडायचं, रात्रभर राहायचं, आणि सकाळी आपण ते ‘शुद्ध पाणी’ म्हणून घ्यायचो. कृतीत सरांनी तेच लिहिलं, शुद्ध पाणी. खोटं लिहिलं नाही रे त्यांनी. आपल्या लेखी तांबं म्हणजे धातू नव्हेच. देवाची पळी तांब्याची, न्हाणीघरातला बंब तांब्याचा, उशाशी पाणी तांब्याच्या भांड्यात. तिथे लोखंडाची बादली असती तर पहिल्याच दिवशी कुणी तरी दचकलं असतं.

आणि दुसरा हात? तो होताच की. मी सरांचा दुसरा हात होते, तू माझा. पण सगळे हात एकाच हंड्यात बुडत होते. बाहेर गेलेला पहिला हात तुझा.

मी हंड्यात पाणी ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते घेतलं. जोडणी झाली. मग मशीनच्या पाण्यात तांब्याच्या क्षाराचा कण टाकला. झाली, आणि जास्तच चांगली झाली. म्हणजे ती जोडणी खोटी नाही. पण धातूशिवाय होते हे खोटं आहे.

आता शोधनिबंध छापणाऱ्यांना दुरुस्ती पाठवायला हवी, सरांच्या नावाने. पण नियम दुरुस्तीलाही लागू. या हंड्यात न बुडालेला हात मला पाहिजे. तू इथून जाताना तुझ्या आईनं दिलेलं तांब्याचं भांडं तुझ्याकडे असेलच. त्यात पाणी ठेव, करून बघ, आणि काय होतं ते कळव. आणि गुरुपौर्णिमेला ये. आता तर का ते कळलं.

सरांना समजलं का, विचारशील. मी जवळ बसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. "हं," म्हणाले आणि नदीकडे बघता बघता झोपले. त्यांना समजावं असं मला वाटतंय आणि समजू नये असंही.

मालविकाताई

गुवाहाटी
६ जून

ताई,

भांडं आहे. त्यात मी टूथब्रश ठेवत होतो. आईला सांगू नकोस.

पाणी ठेवलं, केलं. झालं. तुमच्याइतकं भरघोस नाही, पण शंका राहू नये इतकं झालं. साध्या पाण्यात आजही होत नाही. माझी कृती सोबत जोडलीय, दोन्ही गोष्टी माझ्या नावाने लिही.

मी येणार नाही.

हंडा सापडला याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी एकटाच हसत बसलो होतो. पण मी घराणं सोडलं ते हंड्यामुळे नाही. भरल्या खोलीत सरांनी माझा हात अशुद्ध ठरवला. माझे बाबा तिथे होते. जन्मभर पोरांना वेद शिकवलेला माणूस. हात शुद्ध नाही याचा अर्थ त्यांच्या घरात काय होतो, तुला माहीत आहे. मरेपर्यंत ते मला विचारत होते, "बाळा, तू तिथे काही गलत तर केलं नव्हतंस ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

तू कितीही गोड लिहिलंस तरी ते तुझ्या अक्षरानं पुसलं जाणार नाही. ज्यांनी म्हटलं त्यांनीच, त्याच खोलीत, म्हणायला पाहिजे. त्यांचं वय झालंय, त्यांना आता आठवतही नसेल. तसं असेल तर माझा राग नाही. पण मग मला बोलावू नका.

काकूंना नमस्कार.

मुकुल

दुर्गाघाट
१९ जून

मुकुल,

तुझा राग आला. मग तुझं बरोबर आहे हे कळलं, आणि जास्तच राग आला.

पत्र सरांना वाचून दाखवलं. काकू म्हणत होत्या, "नको गं, उगाच परेशान होतील." मी वाचलं, बाबांचं वाक्यसुद्धा. सर पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग विचारलं, "मुकुल कुठे बसतो?"

"गुवाहाटीला असतो, सर."

"तसं नाही. बाक कुठला त्याचा?"

"खिडकीजवळचा."

"उजेड चांगला तिथे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, लवकर ये. जाऊन बघते तर धोतरावर पांढरा कोट घालून सर जिन्याशी उभे. कोट कुठून शोधून काढला देव जाणे, त्याला डांबरगोळ्यांचा वास. म्हणाले, "प्रयोगशाळेत जायचंय." गल्लीत गाडी येत नाही आणि एवढं चालणं त्यांना झेपत नाही, म्हणून मी आणि अंतरानं त्यांना धरून पायऱ्या उतरवलं आणि प्रयोगशाळेजवळच्या अस्सी घाटापर्यंत नाव केली.

ती सकाळ तुला कशी सांगू! पाण्यावर धुकं नव्हतं, पण धुक्यातून जावं तसं वाटत होतं. मोटर बंद करायला सरांनी सांगितलं, नाववाला कुरकुरत वल्ही मारायला लागला. भोसले घाटाची दगडी भिंत सावकाश आली आणि सावकाश मागे गेली. कुठे तरी पोरं वेदाची संथा म्हणत होती, सूर पाण्यावरून यायचा, मध्येच तुटायचा. सरांनी हात बाहेर काढून बोटं पाण्यात सोडली होती. "अंतरा," ते म्हणाले, "या पाण्यात काय काय असेल?" ती म्हणाली, "सर, पूछिए मत." सर हसले. किती दिवसांनी हसले. पलीकडच्या वाळूवर घोडे पळत होते आणि त्यांच्या टापांचा आवाज येत नव्हता. मला वाटलं हे असंच चालू राहावं, अस्सी येऊच नये.

प्रयोगशाळेत गेल्यावर त्यांनी मला बाहेर बसवलं. मला! आत फक्त अंतरा. तिथे काय केलं ते मला कळलं ते संध्याकाळी, आणि तुला मी ते सांगणार नाही, कारण मला मनाई आहे. सरांनी बोट उचलून बजावलं, "दुसऱ्या हाताने पहिल्याशी बोलायचं नसतं."

एवढंच सांगते. दमले होते. पण परत येताना नावेत झोपले नाहीत.

मालविकाताई

१० जुलै, गुरुपौर्णिमा

मुकुल,

तू आला नाहीस. जिन्यावर पावलं वाजली की काकू दर वेळी दाराकडे बघत होत्या. मी बघत नव्हते. म्हणजे बघत होते, पण शिरा वाढता वाढता.

नदी चढलीय. खालच्या पायऱ्या बुडाल्या, घाटावरची छोटी देवळं कमरेपर्यंत पाण्यात आहेत. आकाश इतकं खाली आलंय की खोलीत दुपारीच दिवा लावावा लागला. सगळे आले होते, जुने, नवे, कुणी पोरंबाळं घेऊन. तुझ्या आईला मी मुद्दाम ब्रह्माघाटावरून घेऊन आले. ती भिंतीशी बसली, पदर घट्ट धरून. नऊ वर्षांनी त्या खोलीत आली होती.

सर गादीवर बसले. डोळे मिटलेले. मला वाटलं आज काही म्हणणार नाहीत, झोपलेत. मग सुरू झाले. आवाज बारीक, पण चाल अगदी चोख.

"बिंदुमाधव नीलकंठ, नीलकंठ बिंदुमाधव,"

इथे माझं नाव येतं दर वर्षी. मी सवयीनं मान खाली घातली.

"बिंदुमाधव नीलकंठ मुकुल, मुकुल नीलकंठ बिंदुमाधव, बिंदुमाधव नीलकंठ मुकुल."

तुला मुद्दाम सांगायला नको, घनपाठ्याचा मुलगा तू, पण मला ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं. उलटं म्हणताना तू पुढे होतास. गुरू तुझ्या मागून येत होते, आणि त्यांचे गुरू त्यांच्याही मागून.

मग सरांनी डोळे उघडले आणि थेट तुझ्या आईकडे बघितलं. म्हणाले, "वहिनी, या खोलीत मी एकदा म्हटलं होतं, मुकुलचा हात शुद्ध नसेल. ते चुकीचं होतं. त्याचा हात शुद्ध होता. त्याच्या वडिलांना, गुरुजींना, हे ऐकवायचं राहून गेलं माझ्याकडून." दम लागला त्यांना. काकूंनी पाणी पुढे केलं, तर ते भांडं हातात धरून म्हणाले, "हे कशातलं?" आणि सगळी खोली हसली. तुझी आई हसली नाही. पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नंतर शिरा मात्र तिनं दोनदा मागून घेतला.

दुरुस्ती काल गेली. त्यावर सरांची सही आहे, थरथरती, पण त्यांचीच. सरांच्या, माझ्या आणि अंतराच्या नावांच्या आधी तुझं नाव घातलंय. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

आता मनाई उठलीय, तर त्या दिवशीचं अंतराकडून ऐकलेलं सांगते. सरांनी तिला नुसतं जवळ उभं राहायला सांगितलं आणि तू पाठवलेली कृती मोठ्यानं वाचायला लावली. बाकी सगळं स्वतः केलं. काच स्वतः धुतली. माप घेताना हात कापत होता, म्हणून कोपर बाकाला टेकवलं आणि कापणं थांबेपर्यंत थांबले. तिनं म्हटलं, "सर, थोडं तांबं टाकू?" तर तिच्याकडे असं बघितलं की पोरगी पुन्हा कृती वाचायला लागली. संध्याकाळपर्यंत ते स्टुलावर बसून त्या फ्लास्ककडे बघत राहिले, इथे नावेकडे बघतात तसे. बाक त्यांनी खिडकीजवळचा घेतला होता.

तुझं तिकीट मी काढत नाही, तुझं तू बघ. काकूंनी मुरंब्याची एक बरणी बाजूला काढून ठेवलीय आणि तिला कुणाला हात लावू देत नाहीत.

खाली जागा सोडतेय. सर मघापासून पेन मागताहेत. अक्षर वाकडं आलं तर वाचून घे.

तुझी ताई

चि. मुकुल,
काच नवी. पाणी मशीनचं. हंडा नाही, तांबं नाही. तू लिहिल्याप्रमाणे सगळं केलं.
माझ्याही हाताने होत नाही.
नीलकंठ